सरपंच, उपसरपंच अन् अमेरिकेचा अध्यक्ष

दर रविवारी सकाळी मोठ्या बाबांना फोन लावतो, तिकडे संध्याकाळ असते. मी आयोवात राहतो, इथंही नजर जाईल तिथवर मका नाहीतर सोयाबीन, म्हणून बोलणं पावसापासून सुरू होतं अन् राजकारणावर जाऊन थांबतं. परवा म्हणाले, "काऊन रे, त्या ट्रम्पवर दोनदा महाभियोग झाला ना, मंग पुन्हा निवडून आला कसा?"

म्हटलं, खालचं सभागृह साध्या बहुमतानं आरोप ठेवते, पण दोषी ठरवायला सिनेटमध्ये, म्हंजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात अन् तेवढे आजवर एकाही अध्यक्षाविरुद्ध जमले नाहीत. 2021 ला 57 पडले, पाहिजे होते 67. त्यात त्याच्याच पक्षाचे 7.

"म्हंजे अविश्वास ठरावच!"

बरोबर. आमच्या गावात सरपंचावर ठराव आला तेव्हा मी अमरावतीला होस्टेलवर होतो, पण किस्सा सगळ्यांना पाठ आहे. कागदावर "मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात घेत नाही", खरं दुखणं नालीच्या ठेक्याचं, अन् तहसीलदारांच्या सभेआधी अर्धे सदस्य शेगावला 'दर्शनाला' गेलेले. उपसरपंच सगळ्यात पुढं.

मग मी 1868 च्या महाभियोगाचं सांगितलं. लिंकनच्या खुनानंतर उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाला, त्यामुळं उपाध्यक्षाची खुर्ची रिकामीच. याला काढलं असतं तर सिनेटचा हंगामी सभापती बेंजामिन वेड अध्यक्ष होणार होता, अन् त्याच वेडनं "दोषी" म्हणून मत दिलं! 35 विरुद्ध 19, दोन तृतीयांशाला एकच मत कमी पडलं अन् जॉन्सन वाचला. मोठे बाबा खोकला येईपर्यंत हसले.

पण तिथं गाडी उलटी होती. कागदावर काय, तर युद्धमंत्र्याला सिनेटला न विचारता काढलं. खरं भांडण नुकत्याच सुटलेल्या गुलामांच्या हक्कांचं, त्यांच्यासाठीच्या कायद्यांवर हा माणूस व्हेटो मारत सुटला होता. आपल्याकडं कागदावर तत्त्व अन् पोटात ठेका, तिथं कागदावर फुसकं कारण अन् पोटात तत्त्व (वेडच्या पोटात खुर्ची पण असेल म्हणा). ट्रम्पच्याच पक्षाच्या लिंडसे ग्रॅहमचं मात्र सोपं आहे, 1999 ला विरोधी पक्षाच्या क्लिंटनविरुद्ध खटला चालवणाऱ्यांत, 2020 ला ट्रम्पला निर्दोष म्हणणाऱ्यांत.

मी म्हटलं, उपसरपंचाच्या पोटात काही का असेना, नालीत सिमेंट कमी होतं हे तर खरंच होतं ना?

मोठे बाबा गप्प. मग म्हणाले, "मी बी होतो ना बाप्पा त्या शेगावच्या गाडीत."

"अन् नाली?"

"तुंबूनच हाय."