काटोलच्या संत्र्यांची साइट आणि ती जपानी अक्षरं

मागच्या आंबिया बहारातली, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास तोडीला येणाऱ्या संत्र्याच्या पिकाच्या वेळची गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेली. आता पुढचा बहार तोंडावर आलाय आणि गेल्या पंधरा दिवसांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की ताई साइट तर एकदा बनवून झाली ना, मग दर महिन्याला पैसे कशाचे? म्हणून आज बसलेच लिहायला.

मी नागपुरात प्रतापनगरला घरूनच काम करते. छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळायचं काम. बनवायचं कमी, सांभाळायचं जास्त. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), अपडेट, बॅकअप, सिक्युरिटी आणि ज्यांना हवं त्यांचं ईमेल न्यूजलेटर. इतवारीतले एक मसालेवाले आहेत, गांधीबागेतलं साड्यांचं दुकान आहे, धरमपेठेतल्या एक डेंटिस्ट मॅडम, दोन ट्यूशन क्लास, आणि काटोलकडचे संत्र्याच्या बागेचे काका. एएमसी, म्हणजे माझी देखभालीची फी, घरच्या वायफायच्या बिलापेक्षा थोडी जास्त, त्याहून मोठा आकडा नाही. पण लोकांना तो बोचतो, कारण काम दिसत नाही. नळाला पाणी येतं तोवर टाकी कोण धुतं हे कोणी विचारत नाही, तसंच आहे हे.

तर काका. बाग त्यांची, मुलगा नागपुरात नोकरीला. मुलानेच हौसेने साइट करून घेतली होती, बागेतून थेट पेटी घरपोच, दलाल नाही की काही नाही. पुण्या-मुंबईला बरेच जण दरवर्षी मागवायचे. तेव्हा ते माझे गिऱ्हाईक नव्हते. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मुलाचा फोन आला, आवाजच सांगत होता काहीतरी झालंय. पुण्याच्या एका बाईंनी त्याला स्क्रीनशॉट पाठवला होता. गूगलवर बागेचं नाव टाकलं की खाली साइटचा पत्ता बरोबर, पण मथळा सगळा जपानी अक्षरांत आणि खाली घड्याळं, पर्स, बूट यांच्या किमती. बाईंनी साधंच विचारलं होतं, तुम्ही संत्री विकणं बंद केलं का?

काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मले तं काहीच खराब दिसून नाही राहिलं बाई, साइट जशीच्या तशी आहे." आणि ते खोटं बोलत नव्हते. या प्रकाराची हीच तर खुबी आहे. मालक थेट साइट उघडतो तेव्हा त्याला त्याची नेहमीची साइट दिसते, गूगलचा रोबोट येतो तेव्हा त्याला दुसरीच पानं वाढली जातात, नकली ब्रँडच्या मालाची. जपानी कीवर्ड हॅक म्हणतात याला, जगभर हजारो छोट्या साइटना झालेला आहे. म्हणजे महिनोन्‌महिने घरात चोर राहून जातो आणि घरच्यांना पत्ता नाही, शेजाऱ्यांना दिसतो फक्त. कुलूपाचं चिन्हही होतं हो तेव्हा साइटवर! लोकांना वाटतं कुलूप म्हणजे साइट सुरक्षित. ते कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलीय तो कॉम्प्युटर, यांच्यामधली वाट बंद पाकिटातून आहे, सर्व्हरच्या आत काय चाललंय ते नाही सांगत. त्या कुलुपासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, फार तर ९० दिवसांचं असतं, आपोआप रिन्यू होतं, आणि हॅक झालेल्या साइटचंही तितक्याच इमानाने रिन्यू होतं. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपाचं चिन्ह काढूनच टाकलं, गैरसमज होतो म्हणून.

आता खरी अडचण इथून सुरू झाली. मी म्हटलं होस्टिंगचं लॉगिन द्या. मुलाकडे फक्त वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्यावर बनली होती त्या सॉफ्टवेअरच्या, ॲडमिनचा पासवर्ड होता. होस्टिंग आणि डोमेन (साइटचा पत्ता) दोन्ही ज्याने साइट बनवली त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइल नंबरवर. तो साइट बनवणारा पोरगा केव्हाच दुसऱ्या शहरात गेलेला, नंबर बंद. पासवर्ड रिसेट करायला गेलं की ओटीपी त्या बंद नंबरवर जायचा. काकांनी चार वर्षं पैसे भरले, नाव त्यांच्या बागेचं, फोटो त्यांच्या झाडांचे, आणि कागदोपत्री त्यांचं काहीच नाही. सात-बारा दुसऱ्याच्या नावावर असलेल्या शेतात विहीर खोदल्यासारखं झालं ते, मला खरंच फार वाईट वाटलं त्या दिवशी. त्या पोराने मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही, बहुतेक जण घाईत असंच करतात, स्वतःच्याच अकाउंटमध्ये चार गिऱ्हाइकांची डोमेनं घेऊन ठेवतात, सोपं पडतं.

शेवटी मुलाच्या यूपीआयमध्ये रिन्यूअलच्या पेमेंटच्या नोंदी सापडल्या, पॅन कार्ड, बागेच्या लेटरहेडवर अर्ज, जुनी बिलं, असं सगळं पाठवून होस्टिंगवाल्यांशी रोज फोन. पाच दिवस गेले. झाडावर फळ तयार होतं, ते पाच दिवस थांबत नाही. आणि डोमेनची मुदत संपायला चाळीसेक दिवसच होते. डॉट कॉमची मुदत हुकून नाव रद्द झालं की साधारण ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ मिळतो, त्यात दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवस आणि मग ते नाव कोणीही घेऊ शकतं. रिन्यूअलच्या आठवणीची मेल जात होती त्या पोराच्या इनबॉक्सात, जिथे काका कधीच पोचले नसते.

लॉगिन मिळालं त्या रात्री मी फाइल मॅनेजर उघडून बसले. अपलोड्सचं फोल्डर, त्यात वर्षांची फोल्डरं, त्यात महिन्यांची. एका ऑगस्टच्या फोल्डरमध्ये संत्र्यांचेच फोटो, पेट्या, ट्रॅक्टर, काकांचा एक फोटो आणि त्यांच्या मधोमध एक फाइल, नाव फोटोसारखंच, शेवट मात्र पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपीचं काहीही काम नसतं. उघडली तर एकच ओळ, हजारो अक्षरांची, कुठे स्पेस नाही, अर्थ लागत नाही, संपता संपेना. त्यानंतर युजरची यादी बघितली, तिथे तिसरा ॲडमिन, ज्याला घरातलं कोणीच ओळखत नाही. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठी गूगलने दिलेल्या खात्यात, तर त्या माणसाने स्वतःला साइटचा मालक म्हणून जोडून घेतलं होतं आणि हजारो जपानी पानांची यादी स्वतःच्या हाताने गूगलला देऊन ठेवली होती. काकांच्या आधी तोच मालक झाला होता म्हणायचं.

आत आला कसा? थीममधून, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या तयार साच्यातून. पैसे देऊन घ्यायची थीम कुठूनतरी फुकट उचलून टाकलेली, नल्ड म्हणतात त्याला, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली. अशा थीममध्ये मागचा दरवाजा बऱ्याचदा आधीच कोरून ठेवलेला असतो आणि तिला अपडेटही येत नाहीत. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, पैसे वाचवायचेच असतील तर वर्डप्रेसच्या स्वतःच्या डिरेक्टरीतली साधी फुकट थीम घ्या, ती चालेल, पण ही चोरीची नको.

"आमच्यावर कोण हल्ला करून राहिलं, आम्ही काय मोठे शेठ आहोत का" हे मला इतवारीपासून सदरपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. काकांशी कोणाचं वैर नव्हतं. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट एकट्या वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळे रोबोट सोडलेले असतात, ते रात्रंदिवस प्रत्येक साइटचं दार हलवून बघतात, जे उघडलं ते उघडलं. त्यांना बाग काय आणि बँक काय. त्यांना हवा असतो तुमचा सर्व्हर आणि गूगलमधली तुमची पत.

बॅकअप होता का? होता. होस्टिंगवाल्यांचा, सात दिवसांचा. पण ती फाइल ऑगस्टची आणि आम्ही नोव्हेंबरात, म्हणजे सातही बॅकअपमध्ये कीड होतीच. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवते, दोन वेगवेगळ्या जागी, त्यातली एक सर्व्हरच्या पूर्ण बाहेर, आणि महिन्याची एक प्रत वर्षभर तशीच. आणि दर तिमाहीला एक बॅकअप खरोखर उघडून साइट उभी करून बघते, कारण उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा भरवसा नाही.

साफसफाई मग नेहमीसारखी. वर्डप्रेसच्या मूळ फाइली नवीन, थीम नवीन, प्लगिन (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी) एकेक करून परत, सगळे पासवर्ड बदलले, अपलोड्समध्ये पीएचपी चालणारच नाही असं केलं, टू फॅक्टर लावलं, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड लागेल असं केलं, तो बोगस मालक हाकलला. साइट दोन दिवसांत स्वच्छ झाली, गूगलमधली जपानी अक्षरं मात्र निघता निघता कितीतरी आठवडे लागले, हंगाम निम्मा त्यातच गेला.

आणि इथे ती वही कामी आली.

काकांकडे एक लाल कापडी बांधणीची वही आहे, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन आणि मुलाने आग्रह केल्यापासून ईमेलसुद्धा, काकांच्या अक्षरात. सहाशेवर ईमेल होते. गूगल रुसलं असलं तरी ही माणसं आपली आहेत ना, यांना थेट सांगू. मुलाने आदल्या वर्षी एकदा जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत टाकून पाठवलं होतं, पण फुकटच्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा, अकाउंट एक दिवस बंद पडलं आणि जे गेले तेही बरेचसे स्पॅममध्ये. व्हॉट्सॲप काऊन नाही, असं काकांनी विचारलं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो, आणि जास्त धडाका लावला तर नंबरच बंद होतो. धंद्याचा नंबर गेला तर काय राहिलं.

मग न्यूजलेटरची रीतसर सर्व्हिस घेतली आणि पाठवणारा पत्ता बागेच्या स्वतःच्या डोमेनचा केला. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी लागतात, त्या मी काकांना त्यांच्याच भाषेत समजावल्या. एसपीएफ म्हणजे माझा माल कोणकोणत्या ट्रान्सपोर्टने येईल त्याची जाहीर यादी. डीकिम म्हणजे पेटीवरचं सील, वाटेत कोणी उघडून माल बदलला तर कळतं. आणि डीमार्क म्हणजे समोरच्या गोदामाला दिलेली सूचना, की सील आणि ट्रान्सपोर्ट यातलं एकही जुळलं नाही तर पेटी बाजूला ठेवा किंवा परत पाठवा आणि मला कळवा. काका लगेच म्हणाले, "मंग हे तं पहिलेच करायले पाहिजे होतं." अगदी बरोबर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे कडक केलंय, मोठ्या प्रमाणावर (जीमेलच्या हिशोबाने दिवसाला ५,००० च्या वर) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचं, छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवंच, आणि मोठ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी लागते.

त्या बाहेर पडायच्या बटणाला काकांचा फार विरोध होता. लोक निघून जातील ना! मी म्हटलं काका, ज्याला नको आहे त्याला हे बटण सापडलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबेल, आणि तशा तक्रारी हजारात तीन झाल्या की जीमेल बाकीच्यांनाही तुमचं पत्र नीट पोचू देत नाही. पहिल्या पत्रात आम्ही सरळ विचारलं, तुम्ही आमच्याकडून संत्री घेतली होती, बहाराची खबर ईमेलने कळवलेली चालेल का? आता २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाही आहेच, पण कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. साडेतीनशेच्या आसपास हो म्हणाले. बाकीच्यांना परत पाठवलं नाही. माझ्या मते ते साडेतीनशे त्या सहाशेंपेक्षा मोठे आहेत.

पत्र मराठीतच ठेवलं, डिझाइन वगैरे काही नाही, काका फोनवर बोलतात, मी लिहून घेते. फळाचा आकार यंदा कसा, थंडी पडली की रंग कसा धरतो, कुठल्या आठवड्यात तोड. किती जणांनी उघडलं हा आकडा मी फार मानत नाही, २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप स्वतःच पत्र उघडल्यासारखं दाखवतं. मी उत्तरं मोजते. पहिल्या पत्राला त्या पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं, तीन पेट्या आणि सोबत विचारणा, काकूंची तब्येत कशी आहे.

आता माझा नियम असा की काम घेण्याआधी डोमेन, होस्टिंग आणि ईमेलची यादी, तिन्ही गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या नंबरवर. मला फक्त वेगळा ॲक्सेस द्या, जो मी सोडून गेले तर तुम्ही एका मिनिटात काढू शकाल. नव्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांचं डोमेन दुसऱ्याच कोणाच्या नावावर निघतं, साड्यांच्या दुकानाचं तर मालकाच्या मेव्हण्याच्या मित्राच्या नावावर होतं, ते सोडवायला दिवाळी गेली. काकांनी लाल वहीच्या पहिल्या पानावर डोमेन कुठून घेतलं, मुदत कधी, कोणाच्या ईमेलवर, हे स्वतःच्या हाताने लिहिलंय, पासवर्ड सोडून.

यंदाचं पहिलं पत्र लिहून तयार आहे. या वेळी फळगळ थोडी जास्त झाली तेही काकांनी लपवू नको म्हणून सांगितलंय, तसंच लिहिलं. पहिली तोड कधी ते मात्र अजून ठरायचंय, रोज बागेत जाऊन बघून राहिले ते, म्हणून तारखेची जागा तेवढी रिकामी ठेवलीय.