जिप्सीचा विंच-बंपर: बोल्ट टिकले, ब्रॅकेट वाकले

मागच्या नोंदीत विंच (ड्रमवर दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं मोटरचं यंत्र) बसला होता, दोर ताण देऊन गुंडाळून झाला होता आणि तिरक्या ओढीची चाचणी तेवढी राहिली होती. ती झाली. सरळ ओढीला सगळं चोख. पण जांबोटीच्या बाजूच्या एका खासगी माळावर, ओल्या तांबड्या मातीत, दोर डाव्या अंगाला साधारण 45 अंशांत ठेवून ओढ दिली आणि विंचची अख्खी प्लेट डावीकडे 9 मिमी सरकली. ग्रिल आणि प्लेट यांच्यामधली फट आता दोन बाजूंना दोन मापांची आहे. त्यामुळे रंगकाम, दिवे, डी-शॅकलचे कान हे सगळं बाजूला ठेवून ही नोंद जवळजवळ पूर्ण ब्रॅकेटवरच जाणार.

आधी विंचच्या आकाराचं, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. जिप्सीचं भरलेलं वजन 1,585 किलो. त्याच्या दीडपट म्हणजे 2,378 किलो, पौंडात 5,240. म्हणून 6,000 पौंडी विंच, म्हणजे 2,720 किलोची ओढ. बाजारात 9,500 पौंडी माल जास्त मिळतो आणि किमतीतही फार फरक नसतो, म्हणून बरेच जण तोच उचलतात. जिप्सीला तो नको, असं आमचं ठाम मत आहे. पोलादी दोरासह तो 38 किलोच्या आसपास जातो, वर 45 किलोचा बंपर. हे 83 किलो पुढच्या ॲक्सलच्या 600 मिमी पुढे लटकले, की 2,375 मिमी व्हीलबेसच्या हिशेबानं पुढच्या ॲक्सलवर 104 किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल 21 किलोंनी हलका होतो. 28 किलोचा विंच आणि 30 किलोचा आखूड बंपर धरला तर हेच आकडे 73 आणि 15 होतात. पुढचे पाटे बसणं, स्टिअरिंग जड होणं आणि चढावर मागची चाकं हलकी पडणं, हे सगळं या फरकातच आहे.

6,000 पौंडी पुरेल का, तर पुरेल, पण पुलीसह. चाकं बुडेपर्यंत चिखल असला तर गाडीच्या वजनाइतका विरोध धरायचा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, म्हणजे 3,170 किलो. येळ्ळूर-वडगावकडच्या काळ्या भातमातीत दुसरा प्रकार सहज होतो. तिथे स्नॅच ब्लॉक, म्हणजे ही पुली, लावून दुहेरी दोर घ्यायचा आणि दोराचं टोक परत गाडीच्या चेसिसच्या हुकात अडकवायचं, बंपरच्या कानात कधीच नाही. मग विंचच्या वाट्याला निम्मं, म्हणजे साधारण 1,600 किलो येतं. पुलीचं घर्षण धरून थोडं जास्त. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की कंपनीनं छापलेली ओढ ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. ड्रम भरलेला असताना शेवटच्या थरावर ती साधारण एक तृतीयांशानं कमी भरते. दोर जास्त सोडून ओढायचं, ते यासाठी. पण ड्रमवर सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे राहिलेच पाहिजेत.

आता मूळ दुखणं. घेतलेला बंपर रेडीमेड: 3 मिमीचा पत्रा, आत 6 मिमीची विंच प्लेट आणि ती चेसिसच्या दोन टोकांना धरणारे ब्रॅकेट. प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे 100 मिमी उंच, 6 मिमी जाड अशी एकच उभी पट्टी, दर बाजूला दोन एम12 बोल्ट. बघणाऱ्याची नजर बोल्टवर जाते. पण बोल्ट मजबूत आहेत. दोराची रेषा बोल्टांच्या मध्यापासून 140 मिमी वर आहे. पूर्ण ओढ धरली तर 2,720 गुणिले 0.14, म्हणजे 381 किलोग्रॅम-मीटरचं वळण (वाकवणारा जोर). बोल्टांमधलं उभं अंतर 60 मिमी, म्हणून एका बाजूच्या वरच्या बोल्टावर साधारण 3,200 किलोंचा ताण. 8.8 ग्रेडचा एम12 पाच टनांपर्यंत कायमचा लांबत नाही. चाचणीनंतर चारही बोल्ट काढून काचेवर लोळवून पाहिले: सरळ, आटे स्वच्छ, भोकं गोल.

वाकली ती पट्टी. कारण अगदी साधं आहे. 6 × 100 ची उभी पट्टी वरखाली वाकवायला तिचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोधाचं माप, 10,000 घन मिमी. तीच पट्टी बाजूला वाकवायला फक्त 600. म्हणजे उभ्या ओढीत ती पोलाद असते आणि आडव्या ओढीत जवळजवळ सतरा पट कमजोर. 45 अंशांच्या पूर्ण ओढीत आडवा हिस्सा 1,900 किलोंपर्यंत जातो. रुतलेली गाडी तर क्वचितच झाडाच्या सरळ रेषेत असते. कणकुंबीच्या वाटेवर काय, चंदगडकडच्या काजूच्या मळ्यांतून काय, ओढ तिरकीच येते. त्यामुळे बंपर बघायला गेलात तर पुढचा चेहरा नंतर बघा. खाली वाकून ब्रॅकेट बघा. एकेरी पट्टी दिसली तर तो बंपर दिवे बसवण्यापुरता आहे, विंचसाठी नाही.

उपाय म्हणून पहिला आराखडा असा: चेसिसच्या टोकावर टोपीसारखा बसणारा उलटा यू. दोन बाजूंना 6 मिमीच्या पट्ट्या, वर 6 मिमीची पट्टी, मध्ये एक गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारा पत्रा. वरची पट्टी आणि गसेट नीट जोडले तर आडवा मॉड्युलस 600 वरून तीस हजारांच्या घरात जातो. मागे 150 मिमीपर्यंत नेऊन दर बाजूला चार बोल्ट. पुठ्ठ्याचा नमुना कापून लावला आणि तिथेच गाडं अडलं: पाट्यांची शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी.

जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढे असते. पाट्याचं मागचं टोक स्थिर. त्यामुळे चाक वर आलं की पाटा सपाट होऊन पुढे लांबतो आणि शॅकल पुढे झुलते. शॅकलच्या दोन पट्ट्या चेसिसच्या टोकाच्या दोन्ही अंगांना असतात, आणि उलट्या यूच्या बाजूच्या पट्ट्या नेमक्या तिथेच उतरतात. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना 12 मिमी फट दिसते. जॅक लावून एक चाक पूर्ण वर चढवलं की पिनेचं डोकं पट्टीला टेकतं. हे माप नेहमी चाक वर घेऊनच करा. उभ्या गाडीवर घेतलेलं माप फसवतं, आणि शॅकल अडली की धक्का सरळ ब्रॅकेटच्या बोल्टांवर येतो.

म्हणून बाजूच्या पट्ट्या टोकाच्या पुढे पूर्ण 100 मिमी आणि मागे फक्त वरच्या 55 मिमीत ठेवल्या, पिनेभोवती 38 मिमी त्रिज्येची अर्धगोल खाच. मागच्या बोल्टांसाठी चेसिसच्या पेटीत आरपार भोक पडतं, आणि तिथे आत बुशी हवीच. बाहेरून 20 मिमी, आतून 12.5 मिमी, लांबी पेटीच्या आतल्या मापाइतकी. बुशी नसेल तर बोल्ट आवळताना पेटी चेपते, दोन पावसाळ्यांत बोल्ट ढिला होतो आणि भोक लांबट होतं. चेसिसवर वेल्डिंग नको. पत्रा उष्णतेनं कमजोर होतो आणि आत गंज सुरू होतो.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली, तीही नोंदवून ठेवतो, कारण त्यामुळे आराखडा पुन्हा बदलतोय. सगळं वळण त्या 140 मिमीमुळे आहे. विंच प्लेटवर पाय खाली करून बसवलाय, म्हणून तो चेसिसच्या वर चढलाय. पाय पुढे करून उभ्या प्लेटच्या मागे बसवला तर दोराची रेषा 55 मिमी खाली येते. 140 च्या जागी 85, म्हणजे वळण 381 वरून 231 किलोग्रॅम-मीटर. शिवाय रेडिएटरसमोरची जागा मोकळी होते, चोर्ला घाट चढताना त्याचा फायदा. मोबदल्यात विंच 40 मिमी पुढे सरकतो आणि ओढा ओलांडताना लवकर पाण्यात जातो. हा सौदा परवडतो, फक्त मोटरच्या टोकाच्या सीलला आणि केबलच्या बुटांना ग्रीस भरून घ्यायचं.

पाय पुढे केले की विंचच्या क्लचचा दांडा बंपरच्या आत लपतो. तेव्हा गिअरबॉक्स फिरवून घ्यावा लागतो. आमच्या विंचच्या गिअरबॉक्सला दहा बोल्ट आहेत, म्हणजे 36-36 अंशांच्या पायरीनं फिरतो. दोन पायऱ्यांत दांडा वर आला. हे काम टेबलावर, ड्रम उभा धरूनच करा, नाहीतर गिअर घसरतात आणि गॅस्केट फाटतं.

विंच बसवायच्या भोकांचं एक. 254 × 114.3 मिमी हे बहुतेक 8,000 ते 12,000 पौंडी विंचचं माप. लहान विंचमध्ये ते कधी तेच असतं, कधी वेगळं. प्लेट कापायच्या आधी विंच हातात असू दे. फेअरलीडच्या (दोर बाहेर येताना त्याला वाट देणाऱ्या चौकटीच्या) भोकांमधलं 254 मिमीचं अंतर मात्र मोठ्या विंचच्या बाबतीत सहसा तेच. फेअरलीडचा मध्य ड्रमच्या मध्याशी जुळला नाही तर दोर एका बाजूला चढत जातो आणि विंचची दोन टोकं जोडणाऱ्या दांड्याला, टाय-बारला, घासतो.

दोर सिंथेटिक, 8 मिमी, आणि त्याच्यासोबत ॲल्युमिनियमचा हॉज, म्हणजे बिनरोलरचा गुळगुळीत, फेअरलीड. पोलादी दोरासोबत वापरलेला रोलर पुन्हा सिंथेटिकला लावू नका, त्याच्यावरच्या चऱ्या दोराचे धागे कापतात. आणखी एक तपासा: ब्रेक ड्रमच्या आत आहे का. असेल तर दोर मोटरनं सोडताना ड्रम तापतो, आणि हा धागा 145 अंशांच्या आसपास वितळतो. दोर सोडायचा तर क्लच मोकळा करून हातानं. तांबड्या मातीचे कण वेढ्यांत शिरतात म्हणून प्रत्येक वापरानंतर साध्या पाण्यात बुडवून धुणं.

विजेच्या बाजूची मात्र आनंदाची बातमी. 300 अँपिअरला जाण्या-येण्याची 3 मीटर केबल 16 चौमिमीची असती तर जवळजवळ 1 व्होल्ट वाटेतच गेला असता. 35 चौमिमीची वेल्डिंग केबल टाकली, अर्थिंगची तारही बंपरला न देता सरळ बॅटरीला नेली, तर हिशेबानं 0.45 व्होल्ट. भाराखाली मीटर लावून पाहिलं तेव्हा 0.5 दाखवलं. रंगवलेल्या बंपरमधून अर्थिंग घेतल्यावर विंच भाराखाली टकटक करून थांबतो, आणि मालक विंच परत पाठवतो. बॅटरीजवळ आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, तोही हाताला येईल असा.

बंपरच्या आकाराबद्दल: वरची पाईपची कमान काढून टाकली. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना लिहिलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे. शिनोळीच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र, कायदा तोच. चाकाच्या बाहेर न जाणारा, आखूड टोकांचा बंपर त्या दृष्टीनं कमी डोळ्यांवर येतो आणि चढाचा कोनही वाढवतो.

कापण्यासाठी बेळगावच्या उद्यमबागेत जायचं. आपल्याकडे लेझर आणि ब्रेक-प्रेस दोन्ही हाताच्या अंतरावर आहेत, ही मोठी सोय. लेझरसाठी आराखड्याची फाईल डीएक्सएफमध्ये, पोलाद आयएस 2062 चं, 6 मिमीची वळणाची आतली त्रिज्या 8 मिमीपेक्षा कमी नको. वेल्डिंग मिगनं झालं तर उत्तम. रॉड वापरायचा तर 7018, पण या हवेत तो ओल धरतो, तेव्हा भट्टीत 300-350 अंशांना वाळवूनच. पावडर कोटिंगपेक्षा झिंक प्रायमर आणि टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, काळा रंग बरा. पावडर एकदा सुटली की पापुद्र्याखाली गंज पसरतो आणि दिसत नाही. टू-के ब्रशनं पुन्हा मारता येतो.

पुढचं काम: नव्या उभ्या प्लेटचा पुठ्ठ्याचा नमुना. एम12 ला 80 न्यूटन-मीटर, एम10 ला 45, आणि पहिल्या ओढीनंतर परत तपासणी. त्यातच प्लेटच्या खालून एक 50 × 6 ची तिरपी पट्टी डाव्या ब्रॅकेटपासून उजव्या कोपऱ्यापर्यंत टाकायचा विचार आहे, आडव्या ओढीला थेट ताण मिळावा म्हणून. ती शॅकलच्या वाटेत येते का, हे चाक वर उचलूनच ठरेल.