कंबर फिरवू का, असं विचारता म्हणून

“डाउनस्विंग कमरेपासून सुरू करा, असं जो तो सांगतो. मी तेच करतो, तरी बॉल उजवीकडे वळून झाडीत का जातो?” गोल्फच्या सरावाच्या रेंजवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. (डाउनस्विंग म्हणजे मागे उचललेला क्लब बॉलकडे खाली आणणं.) विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, तरुणपणी क्रिकेट खेळलेले आणि यूट्यूब बघून आलेले. तर, तुम्ही विचारलंत म्हणून. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं सांगतो, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

कमरेचा हा सल्ला गाजवला अमेरिकन गोल्फपटू बेन होगनने, 1957 साली. तो खोटा नाही, पण होगनचं दुखणं वेगळं होतं. उमेदीच्या काळात त्याला हुकने छळलं होतं, बॉल डावीकडे पळायचा. अशा माणसाला कंबर लवकर टार्गेटकडे उघडणं हे औषध. तुमचा-आमचा आजार स्लाइसचा, म्हणजे बॉल उजवीकडे वळण्याचा, आणि तो याच औषधाने बळावतो. कंबर जागच्या जागी गर्रकन फिरली की उजवा खांदा तिच्यामागे पुढे येतो, क्लब बाहेरून आत कापत येतो, त्याचा फेस, म्हणजे बॉलला लागणारा भाग, उजवीकडे उघडा राहतो. मग झाडीच.

कंबर फिरण्याआधी भार डाव्या पायावर यायला हवा, आणि हे व्हिडिओत नीटसं दिसत नाही. चांगल्या खेळाडूला पायाखालचा भार मोजणाऱ्या प्रेशर प्लेटवर उभं केलं तर कळतं, की हात अजून वर चाललेले असतानाच भार डावीकडे परतू लागलेला असतो. मग डावा पाय जमीन रेटतो, गुडघा सरळ होत जातो आणि त्या रेट्याने कंबर वळते. ती मंदावू लागते तेव्हा छाती वेग घेते, मग हात, शेवटी क्लब. हा क्रम बिघडला तर ताकद कितीही लावा, ती वाया जाते.

क्रिकेटवाल्यांना भार पुढे नेणं जमतं, त्यांची अडचण डोक्याची. कव्हर ड्राइव्हला डोकं पुढच्या पायावर न्यायची सवय असते, ती इथे नडते. गोल्फमध्ये भार डाव्या पायावर आणि डोकं बॉलच्या मागे, असं एकाच वेळी हवं. नाहीतर कंबर टार्गेटकडे नुसती सरकत राहते, वळायला जागाच उरत नाही.

“मी रोज मांडी घालून जेवतो, माझे खुबे मोकळे आहेत,” असंही बरेच जण सांगतात. मांडी घालताना खुब्यात पाय बाहेर वळतो. स्विंगला नेमकं उलटं लागतं: बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, उजव्या खुब्यात आणि बॉल मारताना डाव्या खुब्यात आतलं वळण. खुर्चीवर बसा, गुडघे जागेवर ठेवा आणि एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला नेऊन बघा. फारसं जात नसेल तर अडचण तुमच्या तंत्रात कमी आणि सांध्यात जास्त आहे.

त्यावरही तोड आहे, तीही जुनी. 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकणारा जॅक निकलॉस बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलायचा. टाच उचलली की आखडलेला माणूसही पूर्ण वळतो, आणि ती परत टेकवणं हीच डाउनस्विंगची सुरुवात होते. आजकालचे बरेच कोच टाच उचलू देत नाहीत. पंचविशीतल्या पोरांना ते ठीक आहे. डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभं राहिलात तर गुडघ्यावरचा पीळही कमी होतो.

सराव एकच सांगतो. सात नंबर आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) घ्या, बॉल टीवर, म्हणजे जमिनीत खोचायच्या छोट्या खुंटीवर ठेवा, दोन्ही पावलं जुळवून उभे राहा. क्लब मागे जात असतानाच डावा पाय टार्गेटकडे टाका आणि मारा. पाऊल आधी पडलं, की कंबर कधी फिरवायची हा प्रश्नच पडत नाही. पहिल्या दिवशी निम्मे बॉल टॉप होतील, म्हणजे क्लब त्यांच्या वरच्या अंगालाच लागेल, आणि शेजारच्या बेमधले (मारायच्या जागेतले) लोक वळून बघतील. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब, तेवढा बॅगेतून काढू नका.