तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांच्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवायचा?

"लोकांच्या गोष्टींवरून कामाचं मूल्यमापन कसं करता? समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटेल तेच सांगणार ना?" संस्थांच्या कामाने लोकांच्या आयुष्यात काय बदललं, हे त्यांनीच सांगितलेल्या प्रसंगांवरून तपासायचं, ही आमची रीत; त्यावर विकासकामात असलेल्या माणसांकडून हा प्रश्न मला हमखास येतो. शंका रास्त आहे. ज्यांनी मदत दिली तेच वही-पेन घेऊन "फायदा झाला का?" विचारायला आले, तर "झाला" म्हणण्यावाचून माणूस काय करणार? पुढच्या यादीत नाव राहायला हवं असतं.

म्हणून सगळ्यात आधी प्रश्नातून स्वतःला काढून टाकायचं. २०१०च्या सुमारास ग्लोबलगिव्हिंग या संस्थेने केनिया आणि युगांडात हजारो छोट्या गोष्टी गोळा केल्या. त्यांचा प्रश्न साधारण असा होता: तुमच्या भागात एखाद्या व्यक्तीने किंवा संस्थेने कुणाला मदत करायचा, काही बदलायचा प्रयत्न केला, असा प्रसंग सांगा. यात कुठल्या प्रकल्पाचं नाव नाही, आणि यश आलंच पाहिजे अशी अटही नाही. बाथ विद्यापीठातले संशोधक मलावी आणि इथिओपियात याच्याही पुढे गेले. घरात काय बदललं आणि कशामुळे, हे विचारणाऱ्या मुलाखतकारांनाच त्यांनी हे कुठल्या प्रकल्पासाठी चाललंय ते सांगितलं नाही. ही पद्धत मला पटते, पण एका अटीवर: आपली गोष्ट कोण वापरणार हे सांगणाऱ्याला निदान नंतर तरी कळलं पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

असं मोकळं विचारलं की उत्तरं कुठल्या कुठे जातात. शिवणकामाचं प्रशिक्षण आणि मशीन मिळालेल्या एका बाईंनी मला सांगितलं, "मशीन विकलं, तेव्हा त्याचा खरा उपयोग झाला." मुलीची कॉलेजची फी भरायची होती आणि घरात बाईंच्या स्वतःच्या मालकीची तेवढी एकच वस्तू होती. ती विकायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता, अभिमानाने. संस्थेच्या तक्त्यात मात्र त्यांच्या नावापुढे "मशीन वापरात नाही" अशी नोंद होती. नोंद खरीच होती. पण बाईच्या नावावर एखादी वस्तू असणं म्हणजे काय, हे त्या तक्त्यात कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ज्या गोष्टी येत नाहीत, त्याही वाचायच्या असतात. एखाद्या संस्थेचं वर्षानुवर्षं काम चाललेल्या ठिकाणी मदतीचे प्रसंग विचारावेत आणि लोकांनी रात्री-अपरात्री गाडी काढणारा शेजारी सांगावा, नर्सबाई सांगाव्यात, त्या कामाचं नावही घेऊ नये. हा निष्कर्षच आहे. पचवायला जड, पण निष्कर्षच.

गोष्टींची निवड कोण करतं, हा याहून नाजूक भाग. मूल्यमापनाचे अभ्यासक रिक डेव्हिस यांनी १९९०च्या दशकात बांगलादेशात "सर्वात महत्त्वाचा बदल" ही पद्धत उभी केली. लोकांकडून बदलाच्या गोष्टी घ्यायच्या, मग गटाने बसून त्यातली सर्वात महत्त्वाची निवडायची आणि तीच का, हे लिहून ठेवायचं. माझ्या मते तिचा जीव त्या "का" मध्ये आहे. एकाच गोष्टीवरून क्षेत्रकार्यकर्ती आणि देणगीदाराचा प्रतिनिधी तासभर भांडतात, तेव्हा यश कशाला म्हणायचं यावर त्यांचं कधीच एकमत नव्हतं हे उघड होतं. कारणं न लिहिता फक्त निवडलेली गोष्ट फोटोसकट अहवालात छापली, तर ती जाहिरात झाली.

आकडे टाकून द्या असं मी कधीच म्हणत नाही. किती घरांत पाणी आलं हे मोजावंच लागतं. गोष्ट ते सांगू शकत नाही. आलेलं पाणी कोण भरतं आणि कुणाला नळाशी उभं राहू देत नाहीत, ते मात्र गोष्टीतूनच कळतं.

आणि एक काम बहुतेक ठिकाणी राहून जातं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं: गोष्टी परत नेऊन लोकांना वाचून दाखवणं. अर्थात सांगणाऱ्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील काढून. लोक तिथेच दुरुस्त्या करतात, "हे अर्धंच लिहिलंय" म्हणतात, एकमेकांना खोडून काढतात. या फेरीचा वेळ आणि पैसा सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा. नंतर तो कुणी देत नाही.