हार्डवेअर वॉलेट घेतलंय? मोठी रक्कम टाकायच्या आधी एकदा पूर्ण रिसेट करून बघा

मागच्या रविवारी ताई आणि भावोजी आले, भावोजींच्या हातात लेजरचं खोकं, सील तसंच. (लेजर ही हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची किल्ली सांभाळणारी छोटी डबी, बनवणारी कंपनी.) जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या कॉइन खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवरून साधारण २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं की आपले बिटकॉइन एक्स्चेंजवर ठेवायचे नाहीत, शेवटी घेतलं एकदाचं. म्हणाले, "तू वापरतोस ना, मग तूच सेट करून दे." मी म्हटलं भावोजी, मी शेजारी बसतो, पण बटणं तुम्ही दाबायची, शब्द तुम्ही लिहायचे, आणि शब्द यायला लागले की मी गॅलरीत जाऊन उभा राहणार. त्यांना जरा लागलंच ते. पण घरचा माणूस असला तरी हे असंच करायचं.

कारण त्या डबीत बिटकॉइन नसतातच हो! ते ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक हिशोबवहीत असतात, डबीत असते फक्त किल्ली, आणि ती किल्ली ज्याच्यातून तयार होते ते २४ इंग्रजी शब्द सेटअपच्या वेळी छोट्या स्क्रीनवर एकेक करून येतात. ही सीड फ्रेज. डबी हरवली, फुटली, चोरीला गेली तरी नवीन डबीत तेच शब्द टाकले की सगळं परत दिसतं, पण शब्द दुसऱ्याला मिळाले तर डबी तुमच्या खिशात असूनही पैसे गेले. (शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्येही बहुतेक चालतात. ट्रेझर या दुसऱ्या कंपनीची नवी मॉडेल्स मात्र २० शब्दांची वेगळी पद्धत देतात, ती लेजरमध्ये चालत नाही, घेताना बघून घ्या.)

खोक्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ती फसवणूक आहे, ते वापरायचंच नाही. शब्द कायम तुमच्यासमोर मशीननेच नवीन तयार करायचे. म्हणूनच सेकंडहँड घेऊ नका, स्वस्त मिळतंय म्हणून तर अजिबात नको.

लिहून झाल्यावर भावोजींनी आतून हाक मारली, "फोटो काढून ठेवू का रे, बॅकअप म्हणून?" मी जवळजवळ ओरडलोच. फोटो काढला की तो बहुतेक वेळा आपोआप क्लाउडवर जातो, म्हणजे ज्याला तुमच्या मेलचा पासवर्ड मिळाला त्याला तुमचे बिटकॉइन मिळाले. फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला मेसेज नाही, नोट्स अ‍ॅप नाही, प्रिंटरसुद्धा नाही. पेन आणि कागद.

आता मुख्य गोष्ट. माझं पहिलं वॉलेट सेट केलं तेव्हा मी रिकामं असतानाच ते रिसेट करून कागदावरचे शब्द परत टाकून बघितले होते, आणि मशीन म्हणालं फ्रेज चुकीची आहे. चोवीसही शब्द यादीतलेच, तरी चुकीची! शेवटच्या शब्दात बाकीच्या शब्दांचा ताळा असतो, त्यामुळे एखादा शब्द चुकला तर मशीनला बहुतेक वेळा कळतं, पण कुठला चुकला ते ते सांगत नाही. तासभर कागदाकडे बघत बसलो. घाईत लिहिलेलं एक शेवटचं अक्षर होतं, मी ते एल वाचत होतो आणि तो के होता. (खरा शब्द सांगत नाही, पण 'वॉक' आणि 'वॉल' दोन्ही त्या यादीत आहेत, त्यातलाच प्रकार.) तो बदलला आणि उघडलं. तरी ती फ्रेज टाकून दिली, नवीन तयार केली आणि सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये, नंबर घालून लिहिली. तेव्हा आत पैसे असते आणि ही चूक तीन वर्षांनी मशीन बिघडल्यावर कळली असती तर काय झालं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो.

म्हणून भावोजींकडूनही तेच करून घ्यायचं ठरवलं. आधी एक्स्चेंजवरून कमीत कमी जेवढे काढता येतात तेवढेच कॉइन पाठवले. कॉइन जिथे पाठवायचे तो वॉलेटचा पत्ता (अक्षरं-आकड्यांची लांब ओळ) कॉपी-पेस्ट केला तरी लेजरच्या स्क्रीनवर जो दिसतो त्याच्याशी पूर्ण जुळवायचा, नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं नाही, कारण टोकं सारखी असलेले पत्ते मुद्दाम बनवणारे लोक आहेत. काही अ‍ॅपवर कॉइन बाहेर काढायची सोयच नसते, ते आधी तपासा, आणि खरेदीची स्टेटमेंट्स डाउनलोड करून ठेवा, विकाल तेव्हा ३० टक्के टॅक्सच्या हिशोबाला खरेदीची किंमत लागणारच आहे.

कागद कुठे ठेवायचा यावर बराच वेळ गेला. भावोजी म्हणाले कपाटात. मी त्यांना मामांच्या कपाटाची आठवण करून दिली. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा मामांचं गोदरेजचं कपाट जागेवरच होतं, कुलूपही होतं, आणि आतल्या सातबाऱ्याच्या फायलींचा चिखलाचा गोळा झाला होता, पान सुटं करायला गेलं की हातात यायचं. त्यामुळे दोन प्रती, दोन वेगळ्या गावांत, आणि त्यातली एक स्टीलच्या पट्टीवर ठोकून.

आणि फोन आला, मेल आला, घरी पत्र आलं, कंपनीच्या नावाने नवं मशीन जरी आलं तरी शब्द कुठेही टाकायचे नाहीत. लेजरच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर २०२० मध्ये लीक झाले आणि नंतर त्यातल्या काही लोकांना पोस्टाने खरंच बनावट लेजर आले होते.

एवढं सगळं ऐकून ताई म्हणाली, "आणि यांना काही झालं तर? बँकेत नॉमिनी असतो, इथे कोण?" इथे कोणीच नसतं, कागद कुठे आहे आणि त्याचं काय करायचं हे तिला माहीत नसेल तर संपलं. मग पिन मुद्दाम तीनदा चुकवला, लेजर कोरं झालं, आणि मी परत गॅलरीत. आत ताई भावोजींच्या अक्षरातला कागद वाचून एकेक शब्द टाकत होती, त्यांनी मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं. पाऊण तास लागला. मग तिनेच हाक मारली, "ये आत, दिसतायत पैसे."