बाबांचं इंजेक्शन आणि माझं

गोसेरेलिन या इंजेक्शनचं नाव आमच्या घरात आधी माझ्या फाइलमध्ये आलं, काही वर्षांनी बाबांच्या. मला एन्डोमेट्रिओसिससाठी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या दुखण्यासाठी, बाबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी. आईला ते पटेना. "बायकांचं औषध यांना कसं चालेल गं?" असं तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं.

ते ना बायकांचं, ना पुरुषांचं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला आणि वृषणाला एकाच प्रकारच्या हार्मोन्सनी कामाला लावते. या औषधाचा सतत मारा झाला की ती आधी खवळते, मग दाद देईनाशी होते. माझं इस्ट्रोजेन त्यामुळे उतरलं, बाबांचं टेस्टोस्टेरॉन. पण त्या आधीच्या खवळण्यात हार्मोन्स उलट वाढतात. माझं पोट त्या पंधरवड्यात जास्तच दुखलं होतं. बाबांचा आजार मणक्यापर्यंत गेलेला, तिथं अशी वाढ परवडणारी नव्हती, म्हणून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या आधीच सुरू केल्या.

दुसरा पर्याय वृषणं काढण्याचा होता. 1941 साली शिकागोत सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि एकदाच होणारं, कमी खर्चाचं म्हणून ते ऑपरेशन आजही करतात. बाबा नको म्हणाले. कुणी आग्रह केला नाही, ते बरं झालं.

मला 3.6 मिलिग्रॅम दर 28 दिवसांनी, बाबांना 10.8 दर बारा आठवड्यांनी. जाड सुईनं पोटाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कांडी सोडतात. त्याची तयारी सगळे करून घेतात. पुढचं मात्र बाबांना कुणीच सांगितलं नव्हतं.

जानेवारीतल्या सांगलीच्या थंडीत बाबा रात्री उठून पंखा लावायचे. बनियन भिजलेला, कान लालबुंद. आईनं बीपी तपासलं, नॉर्मल. मी ओळखलं. छातीतून निघून कानशिलापर्यंत चढणारी ती आग मी सोसलेली होती.

"बाबा, हे इंजेक्शननं होतंय. मलाही व्हायचं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, आजार पसरला."

इतके दिवस हा माणूस ती भीती एकटा घेऊन झोपत होता. मला फार राग आला. बाईला हॉट फ्लशेस येतील हे सांगतात, पुरुषाला का नाही? मूड जातो, इच्छा मरते, स्नायू गळतात, हाडं ठिसूळ होतात, हे सगळं पहिल्या सुईच्या आधी, बायकोला शेजारी बसवून सांगायला हवं.

हाडांसाठीच माझा कोर्स सहा महिन्यांवर थांबवला होता. बाबांचा थांबणार नाही. म्हणून पुढच्या तारखेला हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आम्हीच मागून घेतला. घनता कमी निघाली. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुरू झालं, आणि संध्याकाळी आई त्यांना कृष्णेच्या घाटापर्यंत चालवत नेते.