ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांनी खांद्यावर बसवून ती दाखवली होती. त्यानंतर ट्राममध्ये बसायचा योग आला तो थेट जून 2025 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत, लेकाचा हात धरून कॅस्ट्रोला, समलिंगींच्या जुन्या वस्तीत, जाताना.

लेक सनीवेलला राहतो. प्राईडच्या, म्हणजे समलिंगींच्या दरवर्षीच्या मिरवणुकीच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही सकाळची कॅलट्रेन पकडली आणि शहरात मार्केट स्ट्रीटवर ‘एफ’ मार्गाच्या ट्रामची वाट पाहत उभे राहिलो. इतर शहरांनी मोडीत काढलेल्या ट्राम इथे दुरुस्त करून चालवतात. आमच्या वाट्याला इटलीतल्या मिलान शहरातली आली, 1928 च्या बनावटीची. आत लाकडी बाकं, रुळांचा तोच खडखडाट. लांबवर ट्विन पीक्सच्या टेकडीवर भलामोठा गुलाबी त्रिकोण दिसायला लागला. नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर तो शिवलेला असे. 1996 पासून दर जूनमध्ये स्वयंसेवक टेकडीच्या उतारावर गुलाबी कापडं खुंट्या ठोकून अंथरतात. या भागातल्या दक्षिण आशियाई समलिंगी मंडळींनी 1986 मध्ये संस्था काढली तिचं नावही ‘त्रिकोण’. आपल्या भाषेतला शब्द, इतक्या लांब, इतक्या आधी. मला तो 2013 मध्ये कळला असता तर फार बरं झालं असतं.

त्या वर्षी 11 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम पुन्हा लागू केलं आणि त्याच आठवड्यात लेकाने फोनवर मला सांगितलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. वाईट बोलले नाही, पण बराच वेळ गप्प राहिले आणि त्याला ते बोलण्याहून जास्त लागलं. पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 पासून काम करत होती, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग मी वाचायला लागले, आणि वाचताना सगळ्या वाटा कॅस्ट्रोला जाऊन मिळायच्या. म्हणून ही जागा डोळ्यांनी बघायची होती.

ट्रामचा शेवटचा थांबा सतराव्या रस्त्याच्या नाक्यावर. उतरल्या उतरल्या समोर ट्विन पीक्स टॅव्हर्न. दोन मैत्रिणींनी हा बार 1972 मध्ये घेतला आणि रस्त्याच्या बाजूला मोठमोठ्या काचा लावल्या. तोवर समलिंगींचे बार म्हणजे काळ्या रंगवलेल्या खिडक्या आणि कोणी ओळखू नये म्हणून खाली घातलेल्या माना. इथे पहिल्यांदा माणसं उजेडात बसली. मी त्या काचेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले. लेक काही बोलला नाही.

रस्ता सजलेला होता. खांबाखांबाला झेंडे, अठराव्या रस्त्याच्या चौकात पट्टेही सप्तरंगी. पण हे मुळात आयरिश कामगारांचं उपनगर होतं, युरेका व्हॅली नावाचं. 1960 च्या दशकात ती कुटुंबं शहराबाहेरच्या नव्या घरांत गेली, जुनी लाकडी घरं स्वस्तात निघाली आणि देशभरातून घर सोडून आलेल्या तरुणांनी ती भाड्याने घेतली, रंगवली, दुरुस्त केली. उघडपणे समलिंगी असलेल्या हार्वी मिल्क यांनी 1973 मध्ये 575 कॅस्ट्रो स्ट्रीटला कॅमेऱ्याचं दुकान थाटलं ते त्याच लाटेत. 1977 मध्ये ते शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर, म्हणजे नगरसभेवर, निवडून आले आणि 27 नोव्हेंबर 1978 ला महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्यासोबत सिटी हॉलमध्ये त्यांची हत्या झाली. दुकानासमोर फुटपाथमध्ये त्यांच्या नावाची पाटी आहे, तिच्याखाली थोडी रक्षा ठेवली आहे. लोक सहज तिच्यावरून चालत होते. मला पाय ठेववेना, मी वळसा घालून गेले. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेच्या संरक्षण मंत्र्यांनी नौदलाच्या एका जहाजावरून मिल्क यांचं नाव काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं. स्वतः नौदलात सेवा केलेला माणूस, त्याला तिथून जावं लागलं, आणि आता नावही पुसलं. प्राईडच्या आठवड्यात हे करायचं सुचावं, याचा मला अजून राग येतो.

अठराव्या रस्त्यावर जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीचं छोटंसं संग्रहालय आहे, आमच्या जुन्या घराच्या दोन खोल्यांएवढं. तिथे गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1978 मध्ये हाताने रंगवून शिवलेल्या पहिल्या झेंड्याचा एक तुकडा जपून ठेवलाय. मूळ झेंड्यात आठ रंग होते. त्यातला भडक गुलाबी पुढे गळाला, कारण त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना. नंतर निळसर हिरवाही वगळला, सहा उरले. त्या तुकड्याचे टाके मी काचेला नाक लावून पाहिले. शिवणाऱ्याचा हात कुठे थांबला, कुठे घाई झाली, ते शिवणकाम केलेल्या बाईला दिसतं.

दुपारी लेकाचे एक जुने मित्र भेटले. सत्तरी उलटलेले, 1976 मध्ये मिडवेस्टमधल्या एका लहान गावातून बसने आलेले. आम्ही त्याच काचेच्या खिडकीशी बसलो. ते बोटाने समोरची घरं दाखवत होते. वरच्या मजल्यावर कोण राहायचं, कोणाच्या गॅलरीत जिरेनियमच्या कुंड्या असायच्या, कोण उत्तम पाव भाजायचं. प्रत्येक वाक्य ‘गेला’वर थांबत होतं. 1981 मध्ये याच चौकाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत बॉबी कॅम्बेल नावाच्या परिचारकाने स्वतःच्या अंगावरच्या डागांचे फोटो चिकटवले होते, इतरांनी सावध व्हावं म्हणून. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं म्हणजे एड्स. इथल्या ‘बे एरिया रिपोर्टर’ साप्ताहिकात दर आठवड्याला मृत्युलेखांची पानं असत. 13 ऑगस्ट 1998 च्या अंकात पहिल्यांदा एकही मृत्युलेख आला नाही, तर तीच पहिल्या पानावरची बातमी झाली. या गृहस्थांनी तो अंक ठेवलाय.

“आधी मित्र गेले, मग घरं गेली,” ते म्हणाले. जोडीदार वारला आणि भाड्याचा करार आपल्या नावावर नसला, की रडायलाही सवड न मिळता सामान बांधायचं. पुढे सिलिकॉन व्हॅलीचा पैसा शहरात आला. जुन्या इमारतींतली भाडी नियमाने बांधलेली आहेत, म्हणून तर हे गृहस्थ अजून इथे आहेत. पण एलिस ॲक्ट नावाचा 1985 चा राज्याचा कायदा आहे. मालकाने भाड्याचा धंदाच बंद करतो म्हटलं की सगळ्या बिऱ्हाडांना उठवता येतं. असे उठलेले त्यांचे किती ओळखीचे, त्यांनी मोजायचं सोडून दिलं. आता त्यांच्या जिन्यात बाळांच्या ढकलगाड्या असतात. शेजारी चांगले आहेत, प्राईडला झेंडाही लावतात. त्यांच्याबद्दल ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत.

मला गिरगाव आठवत होतं. माझ्या मावशीची चाळ पडली, मावसभावंडं डोंबिवली, बदलापूरला पांगली. गणपतीत सगळी परत येतात, आरतीला उभी राहतात, आणि रात्री शेवटच्या लोकलने जातात. कॅस्ट्रोत त्या शनिवारी तीच माणसं होती. सॅन होजेहून, सॅक्रामेंटोहून आलेली, संध्याकाळी परतणारी. माझा लेकही त्यातलाच.

“तुला इथे राहावंसं नाही वाटलं कधी?”

“मला गरजच नव्हती, आई. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. घर सनीवेलला परवडतं, तेही कसंबसं.”

“आणि ज्याला गरज आहे तो?”

यावर तो गप्प झाला. आमचं इथेच जमत नाही. गरज संपलीय हे मला पटत नाही. आजही कुठल्या तरी गावातून एखादा मुलगा, एखादी ट्रान्स मुलगी बसमध्ये बसत असणार. त्यांना झेंडा लावलेला रस्ता मिळेल, पण खोली कुठे मिळेल? 1976 मध्ये त्या गृहस्थांना पहिल्याच आठवड्यात मिळाली होती, तिघांत मिळून.

निघताना कॅस्ट्रो थिएटरवरून गेलो. 1922 चं देखणं चित्रपटगृह, तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं. नव्या चालकांनी खालच्या खुर्च्या काढायचं ठरवलं तेव्हा शहरात मोठं भांडण झालं. खुर्च्यांसाठी एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण त्याच खुर्च्यांवर बसून या लोकांनी अंधारात पहिल्यांदा आपल्यासारख्यांच्या गोष्टी पडद्यावर पाहिल्या होत्या.

रविवारची मिरवणूक कॅस्ट्रोत नसतेच, ती मार्केट स्ट्रीटवरून सिटी हॉलकडे जाते. 1970 मध्ये मूठभर माणसं पोल्क स्ट्रीटवरून चालली होती. आता फुटपाथवर उभं राहायला जागा नाही. सुरुवातीला मोटारसायकलींवरच्या बायका, त्यांचा आवाज छातीत घुमतो. त्या वर्षी काही मोठ्या कंपन्यांनी देणगी काढून घेतली म्हणून संयोजकांची ओढाताण झाली होती. वर्गणीवर चालणारा गणपती प्रायोजकांच्या कमानींवर गेला की काय होतं ते आपण पाहिलंय. पैसा देणाऱ्याचा वारा फिरला की मांडवच हलतो.

मग समलिंगी मुलांच्या आईवडिलांची तुकडी आली. साधे कपडे, उन्हाच्या टोप्या, हातात पुठ्ठ्याच्या पाट्या. लोक मोटारसायकलींपेक्षाही मोठ्याने ओरडले. शेजारचा एक दाढीवाला तरुण हुंदके देऊन रडायला लागला. त्यांच्यातल्या माझ्याच वयाच्या एका बाईने कठड्यापाशी येऊन त्याला मिठी मारली आणि ती पुढे गेली.

मी लेकाला विचारलं, “पुढच्या वर्षी यांच्यात चालायचं तर नाव कुठे द्यायचं?”

त्याने तिथेच फोन काढला. रस्त्यावर इतका गोंगाट होता की माझ्या नावाचं स्पेलिंग मला त्याच्या कानात दोनदा सांगावं लागलं.